सगुणाबाईंना काय हवं होतं

“...पण तो परत यावा कसा, तेवढं सांगा ना.”

ह्यांनी पुन्हा तेच विचारलं. सगुणाबाई सूप पुढ्यात घेऊन शेंगा फोडत होत्या.

“कोण म्हणालात, जावईबापू?”

“शमुवेल. आमच्या चर्चच्या मंडळीतला. तरुणांच्या वर्गातला सगळ्यांत हुशार मुलगा. मी घडवत होतो त्याला.”

“घडवत होतात...” बाईंनी एक शेंग कानाशी वाजवून पाहिली. “बरं. मग?”

“त्याचे वडील आजारी पडले. सगळ्या मंडळीनं प्रार्थना केली. मी त्याला म्हणालो, विश्वास धर, उठतील. ...नाही उठले. तेव्हापासून त्यानं चर्चची पायरी चढलेली नाही. मी घरी जातो, वचनं वाचून दाखवतो, समजावतो. तो नुसती मान हलवतो. गेल्या खेपेला तर दारच उघडलं नाही.”

मी उंबऱ्याशी बसून ऐकत होते.

सगुणाबाई आमच्या गावच्या बायबलबाई. खांद्याला पिशवी लावून वस्त्यावस्त्यांवर जायच्या, बायकांना शास्त्र वाचून दाखवायच्या. परकरातली मी त्यांच्या मागे मागे. त्यांनी मला काही शिकवलं असं आठवतच नाही. आठवते ती बांधावर बसून खाल्लेली चटणी-भाकरी. आणि कुणाच्याही घरी गेलं की पदर खोचून त्यांचं आधी चुलीपाशी बसणं. पिशवीतलं शास्त्र निघायचं ते सगळ्यांत शेवटी. कधी कधी निघायचंच नाही.

हे मात्र शहरात शास्त्र शिकून, चांगल्या गुणांनी पास होऊन चर्चचे पाळक झालेले. मी गप्प होते. नव्या नवरीनं गप्पच असावं; ऐकू जास्त येतं.

चहा करायला मी उठले. साखरेचा डबा अजून त्याच फळीवर होता, हात आपोआप गेला.

“बस गं, मी करते,” बाई म्हणाल्या. “तू आता पाहुणी.”

ह्या घरात मला पाहुणी म्हणणारं आजवर कुणी नव्हतं.

चहाचे कप पुढे आले, तशा बाई ह्यांना म्हणाल्या, “घ्यायच्या आधी माझ्यासाठी प्रार्थना करा.”

हे लगेच उभे राहिले. डोळे मिटले. प्रार्थना बायबलातल्या अब्राहामापासून सुरू झाली. लाल समुद्र दुभंगला. यरीहोचे तट कोसळले. चहावर साय धरली. प्रेषित अजून यायचेच होते.

मी एक डोळा किलकिला केला. समोर बाईंचाही एक डोळा उघडा! ह्याच गुन्ह्यासाठी त्यांनी लहानपणी मला किती चिमटे काढले होते...

“आमेन.”

“आमेन. आवाज गोड आहे हो,” बाई म्हणाल्या. “कुणासाठी केलीत?”

“तुमच्यासाठी!”

“असं होय. मला काय हवंय ते विचारलं नाहीत, म्हणून म्हटलं.”

हे परत खुर्चीवर बसत हसायला गेले. हसू अर्ध्यावरच राहिलं.

“...काय हवंय, बाई?”

बाईंनी सूप बाजूला सारलं.

“आमचे मालक गेले ना, तेव्हापासून माझी प्रार्थनाच होत नाही. पहाटे उठते, गुडघे टेकते. तोंड उघडते... आत काही नसतं. तशीच उठते, चूल पेटवते.”

“तुमची?” ह्यांना खरंच वाटेना. “अख्ख्या पंचक्रोशीला तुम्ही प्रार्थना शिकवलीत!”

“तर काय. म्हणून तर कुणाला सांगता येत नाही.”

...

बाहेर कुणीतरी हापसा मारत होतं.

हे खुर्चीवरून उतरले आणि खाली बाईंच्या शेजारी येऊन बसले. सुपातली एक शेंग उचलली. फोडली नाही.

“बाई... मलाही.”

“काय तुलाही?”

‘जावईबापू’ गेले होते, ‘तुम्ही’ही गेलं होतं. ह्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

“शमूच्या वडिलांना माती दिली, त्या दिवसापासून. शब्द येतात. भरपूर येतात. पण कुणाशी बोलतोय असं वाटतच नाही.”



“हिला ठाऊक आहे?”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून रोज आम्ही दोघं शेजारी शेजारी गुडघे टेकत होतो. मला ठाऊक नव्हतं.

बाईंनी निवलेल्या चहावरची साय बोटानं काढली, चहा बशीत ओतला आणि बशी ह्यांच्यापुढे सरकवली.

“शमूकडे जा. समजावू नकोस काही. म्हण, माझी प्रार्थना होत नाही रे, तू माझ्यासाठी कर.”

“त्यानं?” ह्यांनी उचललेली बशी खाली ठेवली. “बाई, तो देवावर रुसलाय!”

बाई हसल्या. त्यांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

“परक्यावर कुणी रुसतं का रे?”