टोपलीखालची भाकरी

‘‘सगळं गाव खोटं बोलतं, अहो. खरं बोलणारी एकच, कोंडाबाईची ती मुकी सून.’’

हे हळवेबाई बोलल्या, बंगल्याच्या आतल्या खोलीत, आपल्या नवऱ्याशी. आणि ती मुकी सून, भिवरा, तेव्हा नेमकी खिडकीखाली भांडी घासत होती. भिवरा मुकी नव्हती, नवी होती. नव्या सुनेचा आवाज घराबाहेर जाऊ नये अशी तिथली रीत. ती रीत तिला फारशी जडही गेली नाही. न बोलणाऱ्यासमोर माणसं काहीही बोलतात, हे तिला लग्नाच्या मांडवातच कळलं होतं.

पण ही गोष्ट तिच्याही आधीपासून सांगायला हवी.

फार फार मागं, नदीवर पूल नव्हता आणि उंबरडोहला यायचं तर कोळ्याच्या नावेतूनच यावं लागे, तेव्हा त्या नावेतून एक गोरा साहेब आणि त्याची बायको उतरली. समुद्रापलीकडून देवाचं काम करायला आली होती. त्यांचं आडनाव होलोवे. ते गावाच्या जिभेला पेलेना, म्हणून गावानं घोळवून घोळवून त्याचं ‘हळवे’ करून टाकलं. असं म्हणतात, की चुकून पडलेलं इतकं बरोबर नाव त्या गावात दुसऱ्या कुणाला पडलं नाही.

दोघं तिथंच पिकली. सकाळी साहेब लिंबाखाली बाज टाकून बसत. दात उपटत, डोळ्यांत औषध घालत, तापकऱ्यांना कोयनेल पाजत. औषधाआधी डोळे मिटून पुटपुटत. लोक म्हणत, औषध कडू आहे, पण मंत्र गुणाचा आहे. बाई पोरींना अक्षरं आणि शिवण शिकवीत, दुपारी पेटीवर भजन म्हणत आणि दिवेलागणीला स्वतः चुलीपुढं बसून भाकरी थापत. त्यांची भाकरी जन्मात कधी गोल झाली नाही. फुगायची मात्र टम्म. देवाशी दोघं आपल्या भाषेत बोलत आणि भांडत मात्र मराठीत, कारण भांडायला लागणारे शब्द त्यांना इथंच सापडले होते.

बाई रोज एक भाकरी जास्त करीत आणि ओसरीवर टोपलीखाली झाकून ठेवीत. कशाला, ते कुणी विचारलं नाही. गोऱ्यांची काही रीत असेल म्हणून गावानं सोडून दिलं. कुणी वाटसरू यायचा, कुणी उपाशी म्हातारी यायची, टोपली उचलून खायची आणि वाटेला लागायची.

मग मोठा दुष्काळ पडला. विहिरी खरवडल्या गेल्या, माणसं पाला उकडून खाऊ लागली. असं म्हणतात, की तेव्हा बंगल्यापुढं पार नदीपर्यंत माणसं बसली होती. बाईंनी टोपली उचलावी, भाकरी द्यावी, टोपली पालथी घालावी. परत उचलावी तर खाली भाकरी. पीठ कुठून आलं ते पिठालाच ठाऊक. शेवटचं माणूस खाऊन उठेपर्यंत ती टोपली रिकामी झाली नाही.

तर अशा बंगल्यावर भिवरा सासूबरोबर कामाला जाऊ लागली. काम आटोपलं की ओसरीशी थांबून हलकेच म्हणायची, ‘‘येते बाई.’’ दिवसभरात तिचा आवाज काय तो तेवढाच. दुसऱ्या सकाळी परत हजर. यात खरेपणा कसला, ते तिला कळेना. कामाला यायचं नाही तर जायचं कुठं?

म्हणून खिडकीखाली राखेचा हात थांबवून ती ऐकत राहिली. आत बाई सांगत होत्या, की औषध नेणारा येतो म्हणतो, सासरी निघालेली पोरगी येते म्हणते, दुष्काळात जेवून उठलेले सगळे येतो म्हणाले, आणि कुणी येत नाही. आपण मात्र रोज त्यांच्या वाटेची भाकरी झाकून ठेवतो.

‘‘येतील गं,’’ साहेब म्हणाले. ‘‘वेळ कुठं सांगितली होती त्यांनी?’’

बाई म्हणाल्या, ‘‘आपला दाविदही हेच शिकला इथं.’’



दाविद कोण ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा. कोळ्यांच्या पोरांबरोबर डोहात पोहून मोठा झालेला. शिकण्यासाठी त्याला मायदेशी धाडलं, तेव्हा नावेत पाय ठेवताना तो मराठीत म्हणाला होता, ‘‘येतो आई.’’ त्या संध्याकाळी बाईंनी पहिली भाकरी झाकून ठेवली. मुलगा तिकडं पोचला आणि पहिल्याच थंडीत तापानं गेला. भाकरी झाकायची काही थांबली नाही.

भिवराला आपली आई आठवली. बैलगाडीत बसताना आईनंच कानात सांगितलं होतं, जाते नको म्हणूस, येते म्हण. तिनं म्हटलं. सासरच्यांच्या मनात आल्याशिवाय येणं होत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी म्हटलं, आणि आईनं ते पदरात घेतलं.

इतक्या वर्षांत बाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते कुणी कुणाला सांगत नाही. भिवरानं सासूला विचारून पाहिलं, सांगावं का म्हणून. सासू म्हणाली, ‘‘चोरून ऐकलंस ना? मग गीळ आता.’’ भिवरानं गिळलं. पण ते काही पोटात जाईना, घशाशीच राहिलं.

आणि एक दिवस गावात कळलं, की साहेब-बाई कायमची निघाली. हात थरथरू लागले होते, नजर अधू झाली होती. मायदेशाहून बोलावणं आलं होतं. निघायच्या दिवशी झाडून सगळं गाव घाटावर जमलं. म्हाताऱ्यांनी साहेबांचे पाय धरले, बायकांनी बाईंवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. साहेब नावेत बसले. बाई काठावर उभ्या राहिल्या. गावासारखं खोटं बोलायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. स्वच्छ मराठीत त्या म्हणाल्या, ‘‘आम्ही जातो.’’

बायकांनी तोंडाला पदर लावले. कोळ्यानं उचललेलं वल्हं खाली ठेवलं. त्या गावात जातो म्हणून कुणी निघत नाही. खांद्यावरून निघालेला तेवढा जातो, आणि तोही तोंडानं सांगत नाही. असं म्हणतात, की नदीसुद्धा तेवढ्यापुरती वाहायची थांबली. बाईंना वाटलं, खरं बोललेलं झोंबलं.

तेव्हा भिवरा निघाली. पुरुषांमधून निघाली, सासऱ्याच्या पुढून निघाली. सासूनं पदर धरला तर पदर डोक्यावरून खाली आला, तरी ती थांबली नाही. गुडघाभर पाण्यात शिरून तिनं नावेचा काठ धरला आणि ती बोलली. पलीकडच्या काठावर गुरं चारणाऱ्यांनाही ते ऐकू गेलं, असं म्हणतात. काय बोलली, ते शेवटी सांगायचं.

बाईंनी तिचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही. मग नाव हलली. मधल्या धारेत बाई उठून उभ्या राहिल्या, साहेबांनी त्यांना कमरेशी धरलं, आणि त्यांनी काठाकडं पाहून एकच शब्द हाकारला. कुणी म्हणतं, वाऱ्यानं नेला. भिवरा म्हणे, मला आला ऐकू.

ती दोघं परत आली नाहीत. कुठं पुरली, तेही गावाला ठाऊक नाही. त्या संध्याकाळी भिवरा बंगला झाडायला गेली आणि तिनं ओसरीवरची टोपली उचलली. खाली एक वेडीवाकडी भाकरी होती. असं म्हणतात, की ती गरम होती.

आता नदीवर पूल आहे, आणि बंगल्याचं नुसतं जोतं उरलंय. पण उंबरडोहात अजूनही कुणाची लेक सासरी गेली, कुणाचा मुलगा पलटणीत गेला, की त्या घरी संध्याकाळी एक भाकरी जास्त होते. मुद्दाम वाकडी थापतात. टोपलीखाली झाकतात. तिला हळव्यांची भाकरी म्हणतात, आणि ती खाणाऱ्याला नाव-गाव विचारत नाहीत. शिवाय गावात नवी सून आली की तिला घाटावर नेतात, वडीलधारी माणसं समोर उभी राहतात, आणि त्या सगळ्यांपुढं तिनं मोठ्यानं बोलायचं असतं. शब्द भिवराचेच, गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनं त्या दोघांना सांगितलेले:

‘‘बाई, येते म्हंजे येईनच असं नसतं वो. जिथं जीव ऱ्हातो तिथनं जाते म्हणवत न्हाई, म्हणून येते म्हणायचं. तुमचा दाविद खोटं न्हाई बोलला. खोटं तर आत्ता तुमी बोललात. येते म्हणा.’’