काळ्या आयाळीचा सिंह आणि हिराजी तारी

फार मागे, खाडीवर पूल नव्हता तेव्हा, खारवली गावात हिराजी नावाचा तारी होता, होडीने माणसं पलीकडे नेणारा. त्याच्यासारखा पोहणारा साऱ्या खाडीत नव्हता, असं म्हणतात.

एकदा गलबतातून आफ्रिकेतल्या हबसाणातला सिंह आला. पलीकडच्या सरदाराला नजराणा म्हणून पाठवलेला. त्याची आयाळ काजळासारखी काळी होती, खांद्यांवरून पार पोटाखाली उतरलेली. "असले सिंह आमच्याच डोंगरांत होतात," असं त्याचा राखणदार याकूत सांगायचा.

हिराजीने पिंजरा होडीत घेतला. सोबत याकूत आणि बाजाराहून परतणारी हिराजीची म्हातारी भागूआत्या. खाडीच्या मधोमध वारा फिरला, पिंजरा घसरला, होडी कलली आणि सिंह गरजला. हिराजीने वल्हं टाकलं, उडी मारली आणि काठ गाठला.

ओहोटी होडीला समुद्राकडे ओढू लागली. याकूतने सिंहाच्या गळपट्ट्याला होडीचा दोर बांधला, त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. सिंह पाण्यात उतरला. काळी आयाळ लाटांवर पसरली आणि ओहोटी तेवढ्यापुरती थबकली, असं म्हणतात. त्याने होडी ओढत आणली ती नेमकी हिराजीच्या पुढ्यात. सारा गाव जमला होता.

याकूतने विचारलं, "उडी मारताना आत्या दिसली होती तुला?"

नाही म्हणाला असता तर गावाने मानलं असतं. हिराजी मान खाली घालून म्हणाला, "दिसली होती."

सिंह अंग झाडून वाळूत बसला. आत्याने भिजलेलं गाठोडं पुढे केलं. "धर रे, जड झालंय." त्याने ते घेतलं, पण तिच्याकडे बघवेना.

त्यानंतर हिराजी होडीत कधी बसला नाही. वीस वर्षं उभ्यानेच वल्हवलं. एका तुफानात वऱ्हाडाची होडी सुकाणू मोडून वाहवली, तेव्हा दोर दातांत धरून त्याने चाळीस माणसं एकट्याने काठाला आणली, असं म्हणतात. लोक पाया पडायला वाकले. तो मागे सरला. "मी कोण ते माझ्या आत्याला विचारा," म्हणाला. आत्याला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

आता खारवलीच्या होडीला इंजिन आहे. तरी तारी शेवटीच उतरतो. शेवटचा उतारू चिखलात पाय टाकताना विचारतो, "हिराजी उतरला का?"

"आधी तुम्ही," तारी म्हणतो.

उतारू हसतात. तारी हसत नाही.