खार, सुतारपक्षी आणि लेकीचे अंथरूण

बाळांनो, ओढ्याकाठच्या एका जंगलात, बेहड्याच्या उंच झाडावर एक खार राहत असे. तिच्या ढोल्या पुष्कळ होत्या. कुठे दाणे, कुठे सुकी फळे. सगळ्यांत वरची ढोली मात्र तिच्या लेकीची होती. लेक ओढ्यापलीकडच्या रानात गेली, त्याला बरेच दिवस झाले होते. त्या जंगलातल्या खारींची एक रीत होती. लेक लांब गेली की आईने तिच्या अंथरुणातली काडीसुद्धा हलवायची नाही. कारण तिथली पिल्ले झाड लक्षात ठेवत नसत, वास लक्षात ठेवत. परतताना ती हुंगत हुंगत येत आणि आपले अंथरूण सापडले की मगच घर ओळखत. आपली खार रोज फांदीच्या टोकाला बसून पलीकडच्या रानाकडे डोळे लावी. नुसते पान हलले तरी तिचा जीव खालीवर होई.

एके सकाळी राघू निरोप घेऊन आला, "तुझी लेक निघाली आहे गं!" खारीला काय करू अन् काय नको असे झाले. पण घर पाहते तो काय, दाण्यांना बुरशी आणि ढोल्यांत कुबट वास! तिने लगबगीने सुतारपक्ष्याला बोलावले. हा पक्षी म्हणजे कामाचा वाघ. सांगितलेले काम चुटकीसरशी करी; न सांगितलेले मात्र त्याच्या डोक्यात कधी येत नसे. संगणकातल्या फाइली आवरून देणारे यांत्रिक मदतनीस आता निघाले आहेत ना, ते याचेच भाऊबंद! खार त्याला म्हणाली, "जुनं, वाळलेलं दिसेल ते सगळं काढून टाक. विचारत बसू नकोस, माझी लेक यायची आहे."

शेजारच्या झाडावरचा म्हातारा पिंगळा हे ऐकत होता. तो म्हणाला, "अगं, अशी सगळी दारं मोकळी सोडू नकोस. माझ्याकडे तो येतो तेव्हा मी आधीच सांगतो. ही ढोली झाडायची, ती नुसती पाहायची आणि त्या तिसरीला मला विचारल्याशिवाय चोच लावायची नाही. काढलेला कचरासुद्धा फांदीच्या बेचक्यात ठेवायचा. मी पाहिला, की मग खाली टाकायचा."

"तुझा स्वभावच संशयी!" खार फणकारली. "किती प्रामाणिक आहे बिचारा!"

"प्रामाणिक आहे म्हणूनच सांगतोय. तू बोलशील ते तो शब्दाला धरून करील."

पण खारीचे लक्ष होते कुठे? लेकीला चारोळ्या फार आवडत. त्या आणायला ती केव्हाच टेकडीकडे पळाली होती.

दुपारी ती तोंड भरून चारोळ्या घेऊन परतली. ढोल्या लख्ख झाल्या होत्या. ती हरखून सगळ्यांत वरच्या ढोलीपाशी गेली आणि तिच्या तोंडातल्या चारोळ्या खाली सांडल्या. ढोली रिकामी होती, आतले लाकूडसुद्धा तासून काढलेले होते.

"अंथरूण कुठं आहे?"

"ओढ्यात टाकलं," सुतारपक्षी म्हणाला. "जुनं होतं, वाळलेलं होतं. आणि हो, मघाशी एक खार येऊन गेली. या ढोलीचा कोपरान् कोपरा तिने हुंगला. मग म्हणाली, 'हे आमचं घर नव्हे,' आणि पुढे गेली."

"अरे, मग तिला थांबवलं का नाहीस?"

"आल्यागेल्याचं तुम्ही काही सांगितलं नव्हतंत," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात जराही खोट नव्हती.

खार फांदीफांदीवरून धावली. घसा बसेपर्यंत तिने हाका मारल्या. जिची एवढी वाट पाहिली, ती दारापर्यंत येऊन निघून गेली, या दुःखाला काय म्हणावे! ओढ्याचे पाणी वाहत होते, अंथरुणाची एक काडीही कुठे दिसेना.

दुसऱ्या दिवशी तिने सुतारपक्ष्याला पुन्हा बोलावले. तो बिचकतच आला. ती म्हणाली, "चूक माझी होती, तुझी नव्हे. आता नीट ऐक." कुठे हात लावायचा, कुठे नुसते पाहायचे, काय टाकण्याआधी विचारायचे, हे तिने ढोली ढोली दाखवून सांगितले. शेवटी म्हणाली, "आणि दारात कुणी हुंगताना दिसलं, तर काम तिथंच थांबव. त्याला बसवून घे आणि मला हाक मार."

"पण ती पुन्हा आलीच नाही तर?" त्याने विचारले.

खार म्हणाली, "तरी हा नियम राहू दे. दुसऱ्या कुणाची तरी लेक येईल."

तात्पर्य : सांगितलेले तेवढेच करणाऱ्या मदतनिसाला घर मोकळे करून देण्याआधी, कशाला हात लावायचा नाही आणि कुठे थांबून विचारायचे, हे ठरवून द्यावे. गमावल्यानंतर केलेला नियम पुढचे वाचवतो. गेलेले परत आणत नाही.