सही मालकांची, प्रचार शेवंतीचा

"निवडणूक माझ्या कारखान्यात, तर नियमही माझेच!" बापूशेट नाटेकरांनी टेबलावर थाप मारली आणि नियम सांगून टाकले. प्रचार करायचा तो फक्त फाटकाजवळच्या नोटीस बोर्डावर. बोर्डाला काच, काचेला कुलूप. आत कागद लागणार तो बापूशेटांच्या सहीचाच. आवारात भाषण नाही, घोषणा नाही, पत्रकं तर नाहीच नाही.

कारखाना काजूचा. युनियनच्या अध्यक्षपदाला उभे दोघं. एक मुकादम सोनू राऊळ, शेट शिंकले तरी "वा!" म्हणणारा. त्याचा हार घातलेला फोटो शेटच्या सहीनं त्याच दिवशी बोर्डावर चढला. दुसरी शेवंती पालव, बिया फोडणारी.

शेवंतीचं मागणं एकच होतं, हाताला लावायला तेल. काजूच्या टरफलाचा चीक लागला की कातडी भाजून निघते. बायांना आमटीत बोटं बुडवता येत नव्हती, इतकी झोंबायची. स्वतःच्या लेकराच्या गालावरून हात फिरवायला शेवंती घाबरायची, आणि त्याचाच तिला भयंकर राग होता.

ती आपला कागद घेऊन शेटकडे गेली. शेटनी तो वाचलासुद्धा नाही.

"माझ्या सहीनं तुझी मागणी बोर्डावर? ह्या जन्मी नाही. तेल मागायला हे काय मालिशचं दुकान आहे?"

"बरं मालक," शेवंती म्हणाली आणि बाहेर आली.

बाया पंचक्रोशीतल्या, सुट्टी झाली की ज्या त्या आपल्या वाडीला पळणार. गाठायचं तर आवारातच, आणि आवारात तर तोंडाला कुलूप.

"शेवंते, आता कसा गो होतला?" शेजारच्या बाकावरची रुक्मिण हळहळली.

"होतला. मालकच करतले," शेवंती म्हणाली. रुक्मिणला वाटलं, पोरीला ऊन लागलं.

आता बापूशेटांची एक खोड सांगायला हवी. कुणी चुकलं की त्याला समज द्यायची ती बोर्डावर, आणि गुन्हा शब्दन् शब्द लिहायचा, म्हणजे इतरांना जरब बसते! मागे एकीनं "गाय व्याली म्हणून उशीर झाला" असं सांगितलं, तर तेही लागलं. पुढे महिनाभर लोक तिला पाडा झाला की पाडी, एवढंच विचारत होते. जरब कसली बसतेय!

दुसऱ्या दिवशी शेवंतीनं घरून खोबरेलाची वाटी आणली आणि भर कामात, मुकादमाच्या नाकासमोर, बायांच्या हातांना तेल चोळायला बसली. मुकादम धावत शेटकडे गेला. शेटनी कारकून पाध्यांना हाक मारली आणि तासाभरात नोटीस लागली:

'शेवंती पालव हिने कामाच्या वेळी इतर स्त्रियांच्या हातांस तेल लावले. कारण विचारता, चिकाने हात भाजतात, तेल कारखान्यानेच दिले पाहिजे, असे उद्धटपणे म्हणाली. सबब समज देण्यात येत आहे.'

जेवणाच्या सुट्टीत बोर्डापुढे ही गर्दी! वाचता येणाऱ्या मोठ्यानं वाचत होत्या, न येणाऱ्या "परत वाच गो" म्हणत होत्या. मुकादमानं हटकलं तर रुक्मिण म्हणाली, "मालकांची नोटीस वाचतोय. वाचू नको म्हणता?"

मग शेवंती मुकादमाकडेच वळली. "सोनूदादा, आमचे अध्यक्ष होणार ना तुम्ही? मग एक बी फोडून दाखवा. बिनतेलाच्या हातानं." "हात भाजेल की!" म्हणत मुकादमानं हात पाठीमागे लपवले. शेवंती हसली, तसा तो पुन्हा शेटकडे पळाला. पुन्हा नोटीस! 'मुकादमांस बी फोडण्याचे आव्हान दिले. मुकादमांनी हात भाजेल म्हणून नकार दिला असता, सर्वांदेखत हसली.'

पाध्ये चष्म्यावरून बघत म्हणाले, "मालक, एवढं सगळं लिहायचं?"

"शब्दन् शब्द! कळू दे सगळ्यांना बाई कशी आहे ती."

कळतच होतं. त्यानंतर शेवंतीला रोज समज मिळू लागली. एकदा तर ती थेट शेटच्या दारात उभी राहून म्हणाली, "मी निवडून आले तर पहिल्या दिवशी इथेच तेल मागायला येणार." शेट संतापानं लाल झाले. तेही लिहिलं गेलं, सही झाली. पण बोर्डावर बोटभर जागा उरली नव्हती.

"कुठं लावू?" पाध्यांनी विचारलं.

"तो फोटो काढा!" शेट ओरडले. हारासकट सोनू राऊळ खाली उतरले.

मतमोजणी झाली. मुकादमाला पडलेली मतं मुकादमाच्या घरच्यांनाही पुरली नसती. शेवंती भरघोस मतांनी निवडून आली आणि बोलल्याप्रमाणे शेटपुढे उभी राहिली.

"नियम मोडलास तू!" शेट गरजले. "आवारात प्रचार केलास!"

"मी कुठे, मालक? मी एक ओळ लिहिली नाही, एक कागद लावला नाही. बोर्डावर तुमच्या सहीशिवाय काही लागत नाही ना? मग चला, सह्या बघू. प्रचार कुणी केला ते तिथंच कळेल."

शेट तरातरा बोर्डाशी गेले. पहिल्यांदाच त्यांनी आपल्या नोटिसा ओळीनं वाचल्या. तेल. तेल. मुकादम घाबरला. पुन्हा तेल. आणि प्रत्येकीखाली त्यांचीच ऐटदार सही.

पाध्ये खाली बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. शेटच्या मिशाही थरथरल्या, आणि मग ते असे हसले की बिया फोडायच्या शेडमधल्या बाया दारात आल्या.

"पाध्ये, उद्यापासून प्रत्येक बाकावर तेलाची वाटी! आणि हिला अख्खा डबाभर काजूगर, पहिल्या प्रतीचा." डोळे पुसत ते शेवंतीला म्हणाले, "बोल, आणखी काय हवं?"

"काही नको, मालक. फक्त पुढच्या निवडणुकीला नियम हेच ठेवा."