चौथा हक्क

शाळेत चव्वेचाळीस वर्षं काढलेला माणूस या गावात एकच. मी. त्यातली चाळीस शिपाई म्हणून घंटा बडवण्यात गेली, आणि उरलेली चार तिसरीपर्यंत पोचण्यात.

तरी येईल त्या मास्तराला मी अक्कल देतोच. फुकट असते, म्हणून कुणी घेत नाही.

परवा मी दर्ग्यावर बसलो होतो, तिथं तेलंगे सर आले ते विचारतच, “बाबा, ती प्रतीक्षा आठ दिवस शाळेत का नाही? घरचे म्हणतात, रोज दप्तर घेऊन निघते. मग जाते कुठं?”

जंगूबाबा फकीर मोरपिसांचा कुंचा झटकत बसला होता. तो नुसता जरा बाजूला सरकला.

मागं दारात दुसरीतली प्रतीक्षा. मांडीवर दप्तर.

“इथंच असते, सर,” मी म्हणालो. “डबा खाते, अर्धा बाबाला देते. हजेरी मी मांडतो. तुमच्यापेक्षा माझा पट बरा.”

सरांच्या जिवात जीव आला.

“अगं वेडे! उद्या साहेब येणार. बालहक्कांचा कार्यक्रम आहे. आठही हक्क घडाघडा म्हणणारी तू एकटी. साऱ्या तालुक्यात आपली शाळा पहिली येईल!”

“अडखळली होती म्हणे,” बाबा म्हणाला.

“एकदाच. चौथ्याला.”

“चौथा कोणता?”



“मार न खाण्याचा.”

मला हसू आवरेना. “मग काय केलंत? छडी?”

“छडीला बंदी आहे, भिवामामा. मी नियमाबाहेर जात नाही. पट्टी होती. दोनच दिल्या.”

मी आणखी हसलो. मला हसायला काय जातंय? चाळीस वर्षं छड्या मीच पुरवल्या. निरगुडीच्या, रात्रभर भिजवलेल्या, लवलवीत. एका मास्तरांनी तर खूश होऊन मला धोतरजोडी घेतली होती. ती मी लग्नात नेसलो.

सर गुडघे टेकून बसले. आवाज मऊ केला. माणूस वाईट नाही हो, पोरांना स्वतःच्या पैशानं खडू आणतो.

“बाळा, घाबरू नको. उद्या शाळेत यायचं. आत्ता एवढं एकच म्हणून दाखव. चौथा हक्क कोणता?”

प्रतीक्षानं दप्तर खाली ठेवलं. उठली. फ्रॉक सारखा केला. पाय जुळवले.

मग डोळे गच्च मिटले, आणि उजवा हात पुढं केला. तळवा वर.

...

“हात नाही गं. तोंडानं सांग.”

हात तसाच.

“साहेबांपुढं असं करणार आहेस?” सरांचा आवाज चढला. “घे तो हात मागं!”

तिनं घेतला मागं.

आणि डावा पुढं केला.

मी काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं. तसंच मिटलं.

सर उठले. गुडघ्यांची माती झटकली. बराच वेळ झटकत राहिले.

“बाबा, तुमचं ऐकते ती. तुम्हीच सांगा. उत्तर येतं हिला, मला पक्कं ठाऊक आहे. पण देत नाही!”

बाबानं कुंचा मांडीवर ठेवला.

“दिलं की, मास्तर. दोनदा दिलं.”