दुसऱ्या टोकाचा हात

फार फार मागची गोष्ट. डोंगर तेव्हा पोरसवदा होते. त्यांच्या पायथ्याच्या गावात दोन गवंडी भाऊ राहत.

त्या गावची भिंत दोन पदरी असे. आत एक दगडी पदर, बाहेर एक, मधे बारीक दगड-मातीची भर. थोड्या थोड्या उंचीवर एक लांब दगड आरपार घालत. तो दोन्ही पदरांना धरून ठेवी. तो उचलायला दोन माणसं लागत. एका टोकाला थोरला, दुसऱ्या टोकाला धाकटा.

स्वतःच्या घराचं जोतं घालून झालं आणि थोरला तापाने गेला. मागे बायको आणि तान्ही लेक. पावसाळ्याआधी त्यांच्या डोक्यावर छप्पर हवं होतं.

धाकटा एकटाच भिंतीला भिडला. शेजारी म्हणाले, "अरे, दुसरं टोक आम्ही धरतो."

"ते टोक दादाचं आहे. कुणी हात लावायचा नाही!"

त्याने लांब दगड घातलेच नाहीत. एकट्याला पेलतील तेवढेच रचत गेला. भिंत भराभर छातीएवढी झाली.

एके सकाळी वहिनी लेकीला कडेवर घेऊन आली. भिंतीवरून हात फिरवत थांबली.

"भावजी, या भिंतीला पोट आलंय."

धाकट्याने ओळंबा सोडून पाहिला. खरंच, आतली भर रेटत होती आणि बाहेरचा पदर फुगला होता.

"हिच्याखाली लेकरू निजवू का, तुम्हीच सांगा."

धाकटा मटकन खाली बसला. "वहिनी, ते टोक दुसऱ्या कुणी धरलं, की दादा खरंच गेला म्हणायचं."

वहिनी त्याच्याजवळ टेकली. "मी अजून त्यांच्या वाटची भाकरी थापते. तव्यावर टाकली की आठवतं." तिने डोळे पुसले, लेकीला सावलीत ठेवलं आणि पदर खोचला. "उठा. पाडू या ही."

भिंत उतरली, पुन्हा चढू लागली. लांब दगडाचं दुसरं टोक वहिनीने धरलं.

"हळू हो भावजी! पायाची बोटं मला हवीत अजून!"

कितीतरी दिवसांनी धाकटा हसला. मग त्यानेच शेजाऱ्यांना हाक मारली.

पुढे एका वर्षी धरणी हलली. गावात पुष्कळ पडझड झाली. या घराच्या भिंतींना तडे गेले, पण एकही पदर सुटला नाही. लेक घाबरून बाहेर धावत आली, तिला खरचटलंही नव्हतं. धाकट्याने तिला उचलून छातीशी धरलं.

गेलेल्याची माया राखायची, तर मागे राहिलेल्यांचा हात धरावा.