वीणेचा पहारा

सावरवाडीच्या ओढ्याकाठी, चिंचेखालच्या मठीत अमृतगीर महाराज राहत असत. महाराजांचे नाव दूरदूर गेले होते, आणि नाव कोणाला सुखाने घास खाऊ देते? पाया पडणाऱ्यांच्या रेट्याने त्यांची पावले सोलवटून निघत. "देव आत बसलाय रे, माझ्यामागं का लागता?" एवढेच महाराज थकल्या सुरात म्हणत.

गावात नामसप्ताह बसला होता. सप्ताहात देवापुढची वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. एकाने उभे राहून ती गळ्यात धरायची, पहारा सरला की दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचे. वीणा टेकली की सप्ताह मोडला! भिवा कोष्टी वर्षानुवर्षे भर दुपारचा पहारा धरी, जेव्हा देवळात चिटपाखरू नसे.

त्या वर्षी काल्याच्या कीर्तनाला नामांकित विश्वंभरबुवा आले. पोरवयात गुरे राखताना ते गात, तेव्हा गुरे चरायची थांबत म्हणे. आता गाण्याआधी त्यांची नजर गर्दी चाचपी. जात्यावर बाया म्हणतात ना,

नाव गाजलं गाजलं, सात गावच्या शिवंला
दारी सावली एकली, पुसे आपल्याच जिवाला

भिवाला पाहून बुवा हसले. "काय रे, खांबासारखा उभा असतोस. तुझं नाव तरी कोणाला ठाऊक आहे का?"

"घरी कारभारीण हाक मारती की, बुवा. तेवढ्यापुरतं बास होतं."

लोक हसले. बुवांना ते झोंबले.

काल्याच्या आदल्या दुपारी बुवांनी स्वतःची मिरवणूक काढवली. खांद्यावर भगवी छाटी घेतलेल्या महाराजांना आग्रहाने गाडीत शेजारी बसवले. भिवाची पाळी सोडवायला गोंदाजी देवळाकडे निघाला होता. बुवांनी त्यालाही ओढले. "टाळ घे, चल! माणूस कमी पडला की मिरवणूक ओकीबोकी दिसते. तो खांब राहील उभा."

भिवाच्या अंगात त्या दिवशी ताप होता. पहारा सरला, उन्हे कलली, कोणी येईना. त्याने खांबाला पाठ लावली. आपण कोसळलो तर साऱ्या गावाचे नाम वाया! "देवा, मला पडू दे, हिला धर," एवढे पुटपुटून तो शुद्ध हरपून पडला.

मिरवणूक परतली आणि दारातच थिजली. भिवा फरशीवर निजलेला, अंगावर भगवी छाटी. वीणा मात्र अधांतरी, छातीच्या उंचीवर, मंद झंकारत उभी!

भिवाने डोळे उघडले. "महाराज कुठं गेले? आत्ता तर माझ्याकडून वीणा घेतली त्यांनी."

सारे वळले. महाराज गाडीतून उतरत होते. खांदा उघडा, त्यावर वीणेच्या पट्ट्याचा लाल वळ!

बुवांचा चेहरा उतरला. "महाराज, तुम्ही माझ्या शेजारी होता, अन् छाटी कधी गेली तेही मला दिसलं नाही. लोक माझ्याकडं बघतात का, तेवढंच बघत होतो. लई थकलो हो."

"मीही थकलोय, विश्वंभरा," महाराज म्हणाले. "लोकांच्या नजरा वीणेहून जड असतात. ही घेऊन बघ." त्यांनी वीणा अलगद धरली आणि उठून उभ्या राहिलेल्या भिवाच्या गळ्यात घातली. "पहारा याचा आहे. द्यायची ती यानंच."

बुवांनी गळ्यातले हार काढून उंबऱ्यापाशी ठेवले आणि भिवाच्या तापलेल्या पायांवर डोके टेकले. ते उठेचनात.

शेवटी भिवाच हळूच म्हणाला, "उठा बुवा, घ्या आता. हात भरून आले माझे."